भुऱ्याला काय शिकवलं

पावसाचं पाणी वरून खाली येतं. धरणाचं पाणी खालून वर येतं. हे कोणी नुसतं सांगितलं असतं तर मी हसले असते, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दर वर्षी पाहते. भाद्रपद लागला की आमच्या गावाच्या उताराखालचा नाला उलटा भरायला लागतो. नदीच्या अंगानं पाणी आत शिरतं. आवाज नाही, फेस नाही. सकाळी जिथं शेळी चरत होती तिथं दुपारी गवताची टोकं तेवढी दिसतात, आणि मुंग्यांच्या रांगा बाभळीच्या खोडावर चढून बसतात. त्या पाण्याला वास असतो. कुजलेल्या गवताचा असतो, आणि ओल्या राखेचाही असतो. खाली पाण्यात आमच्या जुन्या गावाच्या चुली आहेत. लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी राख कसली राहते. नसेल राहत. मला वास येतो.

यंदा पाणी चढलं त्याच आठवड्यात सुनेनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. शिरपूरहून, खोक्यात घालून. मोबाईलमध्ये बघून ती त्याला शिकवते. बिस्किटाचा तुकडा नाकासमोर धरते आणि म्हणते, “सिट.” पिल्लू बसतं. मग ती टाळ्या वाजवते. परवा मला म्हणाली, “मम्मी, तुम्ही कधी कुत्रं पाळलं नाही का?”

“पाळलं होतं एक.”

“शिकवलं होतं त्याला काही?”

“शिकवलं होतं.”

ती पुढं विचारणार होती. मी मेथीची जुडी ओढून निवडायला घेतली.

मी चौथी शिकलेली बाई. लेकीला दोन ओळी लिहिण्यापलीकडे मी पेन धरलेलं नाही. हे लिहायला बसले कारण बोलायला गेलं की माझं तोंड मिटतं, आणि त्या वर्षी जे झालं ते तोंड मिटल्यामुळेच झालं.

ते वर्ष म्हणजे गाव उठलं ते वर्ष. आमचं जुनं गाव नदीला लागून होतं, सातपुड्याच्या पायथ्याशी. धरण बांधून होत आलं होतं, त्या पावसाळ्यात पाणी अडवणार अशी दवंडी झाली होती. नवं गाव वर माळावर, अर्ध्या मैलावर. संक्रांत झाली आणि लोकांनी घरं उतरवायला घेतली. दारं, चौकटी, धाब्याची लाकडं, जाती, पाटे, सगळं बैलगाड्यांत. काहींनी उंबरे उपटून नेले. भिंती मातीच्या, त्या कोण नेणार. छप्पर काढलं की घर किती लहान होतं ते मी तेव्हा पाहिलं. ज्या खोलीत माझी तीन बाळंतपणं झाली त्या खोलीत वरून ऊन पडलं होतं, आणि ती एखाद्या गोठ्याएवढी दिसत होती.

नव्या गावात शाळेला छप्पर नव्हतं, म्हणून मुलं भडगावला माझ्या भावाकडे ठेवली होती. घरात आम्ही तिघं. मी, आमचे हे, आणि माझे सासरे, आबा. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.

आबा उंच, वाळके, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. सारी जिंदगी त्यांनी कपाशी लावली. बोटं बोंडाच्या काट्यांनी कायम ओरबाडलेली. माणूस वाईट नव्हता. मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, कारण मला शब्दच बोलत नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आले की पदर पुढं ओढायचा आणि दाराआड व्हायचं. जेवण वाढलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायचं, “ताट वाढेल शे.” भिंत ऐको न ऐको, ते ऐकायचे. त्यांना काही हवं असलं तर तेही हवेत बोलायचे, “भडगाववालीले सांगा, पानी लागस.” मी भडगाववाली. पाणी ठेवायचे आणि बांगड्या वाजवायचे, म्हणजे ठेवलं असं समजायचं. अठरा वर्षं असं चाललं. आता सुनेला हे सांगितलं तर ती म्हणते, किती वाईट. तेव्हा ते वाईट वाटत नव्हतं. आवाज न करता कितीतरी कामं होतात. तेही एक शिकणं होतं, आणि मी हुशार होते.

घर उतरवलं त्याच सुमारास आबांचं डोकं उतरायला लागलं. आधी ते वार विसरले, मग जेवलेलं विसरले. नव्या घरात ते एक दिवसही राहिले नाहीत. सकाळी चहा घेतला की काठी घ्यायचे आणि चालू लागायचे, माळ उतरून, डांबरी रस्ता ओलांडून, नाल्यातून पलीकडे, जुन्या गावात. तिथं आमच्या दारात बसायचे. दार नव्हतंच, भिंतीला पडलेलं भोक होतं. त्या भोकात बसून समोरच्या वाटेकडे बघायचे. हे आणायला गेले की आबा ह्यांना विचारायचे, सगळे कुठं गेले म्हणून, “बठ्ठा लोके कथा ग्यात? लगनले ग्यात का?”

“आबा, घर चाला,” हे म्हणायचे.

“हाई घर नही का?”

मग हे त्यांना दंड धरून आणायचे. दोनदा झोंबाझोंबी झाली. एकदा दाराला बाहेरून कडी लावली, तर आबांनी कपाळ दारावर आपटून फोडून घेतलं. त्यानंतर कडी लावली नाही. हे मला म्हणाले, “पावसाळा निंघू दे. एक डाव पानी भराई ग्यं की त्यास्ले जावाले जागाच नही ऱ्हावाव.” आमचा हिशेब एवढाच होता. पाणी चढून जुनं गाव बुडेपर्यंत म्हाताऱ्याला सांभाळायचं. चैत्र ते भाद्रपद. सहा महिने माणूस जिवंत ठेवायचा.

हे दिवसभर शेतात. आबांना आणायचं काम माझ्यावर आलं, आणि मी त्यांना हाक मारू शकत नव्हते. हात धरणं तर दूरच. पहिल्या दिवशी मी जुन्या घराच्या मागच्या भिंतीशी उभी राहून बांगड्या वाजवल्या. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “अक्का, उनी का? भूक लागनी मले.” त्यांची अक्का म्हणजे थोरली बहीण, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच वारलेली. मला ते बहीण समजत होते. बहिणीनं हाक मारली असती तर उठून आले असते. पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पडद्याचा नियम ज्यांच्यासाठी होता ते तो विसरले होते. मी विसरले नव्हते.

भुऱ्या तिथंच सापडला. गाव उठलं तेव्हा माणसं गेली, गुरं गेली, काही कुत्रीही गाड्यांमागं गेली. एक कुत्री राहिली. तेल्याच्या पडक्या घरात ती व्याली होती. चार पिल्लं होती, त्यातलं एक उरलं, भुरकट रंगाचं, एका कानाला काळं. आबा त्याला स्वतःची भाकर चावून भरवत होते. मी बघत होते ते त्यांना माहीत नव्हतं. पिल्लू उठून दोन पावलं गेलं की आबा उठायचे. पिल्लू नाल्याकडे लडबडलं की आबा काठी टेकत मागं. “कथा जाई ऱ्हायना रे, पडशी.” म्हातारा कोणाचं ऐकत नव्हता, पण पिल्लू जाईल तिकडे जात होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. माणसाला हाक मारता येत नाही, पण कुत्र्याला येते.

पदरात बांधून मी ते पिल्लू माळावर आणलं. आबा मागोमाग आले. त्या दिवशी दंड धरावा लागला नाही.

शेजारच्या गोदाक्कानं सांगितलं, पिल्लू जुन्या जागी पळू नये तर त्याच्या शेपटीएवढी काडी मोजून चुलीमागं पुरायची. मी पुरली. कपाशीची काडी, पऱ्हाटीची. पुरताना वाटलं, म्हाताऱ्या माणसासाठी असं काही असतं तर बरं झालं असतं.

मग शिकवणं. मी पुस्तकातून काही शिकले नव्हते, माझ्या बापाकडे मेंढ्या होत्या, तेवढंच बघितलेलं. पहिलं काम, भाकरीच्या वेळी पितळेची परात उलथण्यानं बडवायची. तीन ठोके. मग ताकात कुस्करलेली भाकर. दुसऱ्या कोणत्याही वेळी खायला द्यायचं नाही, कितीही कुंई कुंई केलं तरी. आठ दिवसांत ते ठोका ऐकला की उड्या मारत यायला लागलं. पंधरा दिवसांत उकिरड्यावरून यायला लागलं, महिन्यात रस्त्यापलीकडून. चैत्राच्या शेवटी मी त्याला आबांबरोबर सोडलं. सकाळी दोघं जुन्या गावात जायचे. मी दोन भाकरी थापायची, तिसरी तव्यावर टाकायची आणि अंगणात जाऊन परात बडवायची. थोड्या वेळानं उतारावर आधी भुऱ्याचे कान दिसायचे, मग टोपी. आबा घरात येऊन बसायचे. मी भिंतीला सांगायची, “ताट वाढेल शे.”

गोदाक्का हसायची. “काय वं, रोज परात बडवस, घरमा लगन शे का?”

“कुत्राले बलाई ऱ्हायनू.”

“कुत्राले का सासराले?”

“दोन्हीस्ले. एकाच परातमा व्हस.”

मी तशी फटकळच. पण सांगते, त्या उन्हाळ्यात मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. हे एकदा घरी जेवायला आलेले असताना टोपी उतारावर दिसली, आणि हे माझ्याकडे बघून नुसती मान हलवून गेले. आमच्यात एवढं पुष्कळ.

पिल्लू गुणी होतं असं नाही. ज्वारीचे बिबडे, आमचे पापडच ते, खाटेवर वाळत घातले की एक कड खाऊन ठेवायचा. ह्यांच्या वहाणेचा अंगठा त्यानं दोनदा खाल्ला. कोंबडीमागं लागला म्हणून मी त्याच्या गळ्यात लाकडाचं लहानसं लोढणं बांधलं होतं, गुरांना बांधतात तसं. ते पायात यायचं, तो कोलांटायचा, आणि आबा पोट धरून हसायचे. त्यांचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर ते हसतील कसे. आता ते विसरले होते म्हणून हसत होते, आणि मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

दुसरी गोष्ट शिकवली ती रस्त्यामुळे. माळ आणि नाला यांच्यामध्ये शिरपूरकडे जाणारा डांबरी रस्ता, त्याच्यावर एस.टी. आणि वाळूचे ट्रॅक्टर. आबा इकडे तिकडे बघत नसत. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि त्यांच्या आई-बहिणीचा उद्धार केला. तेव्हापासून मी भुऱ्याला घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊ लागले. “बठ” म्हणायचं आणि ढुंगण दाबायचं. बसला की गुळाचा खडा. गाडी निघून गेली की “चाल.” वैशाखाचं ऊन, डांबर पायाला चिकटायचं, आणि मी आणि ते कुत्रं दुपारी एस.टी.ची वाट बघत बसलेलो. एस.टी.तले लोक खिडकीतून बघायचे, ही बाई कुठं निघाली म्हणून. ज्येष्ठापर्यंत तो लांबूनही बसायला लागला. मी अंगणातून ओरडले, “भुऱ्या, बठ,” की रस्त्याच्या कडेला तो बसायचा. तो बसला की आबा काठीवर हात ठेवून त्याच्याजवळ उभे राहायचे, आणि गाडी निघून जायची. मी दोघांना एका शब्दात थांबवत होते, आणि तोंड उघडून सासऱ्याला बोलल्याचा डाग माझ्यावर नव्हता. मला वाटलं मी मोठी युक्ती केली.

आमची सून ह्यांना मोठ्यानं हाक मारते. “पप्पा, अहो पप्पा, चष्मा विसरला.” अर्ध्या आळीला ऐकू जातं. पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा गोदाक्कानं पदर तोंडाला लावला होता. मी तिला काही म्हटलं नाही. तिचा आवाज चांगला आहे, लांब जातो.

श्रावणात कानबाई बसली, ही आमच्याकडची देवी. नव्या गावातली पहिली कानबाई. नैवेद्याचे रोट केले, गाणी झाली, बायका नटल्या, पण सगळ्यांना अवघडल्यासारखं होत होतं, जणू दुसऱ्याच्या घरी सण करतोय. आबा रोटाचा तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून जुन्या गावात घेऊन गेले आणि चुलीच्या जागेवर ठेवून आले. मी मागून जाऊन पाहिलं, उन्हाळ्यात बिबडे चोरणाऱ्या भुऱ्यानंही तो खाल्ला नाही. त्याची वेळ नव्हती ना. परात वाजली नव्हती. माझी शिकवण एवढी पक्की.

मग पोळा झाला आणि पाणी चढायला लागलं.

रोज एक वीत, कधी दोन. हे संध्याकाळी जाऊन काठावर खुंटी ठोकून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली का बघायचे. नदीकडची घरं आधी गेली. मातीची भिंत पाण्यात पडते तेव्हा मोठा आवाज होत नाही. भिजते, फुगते, आणि बसते, थकलेल्या म्हशीसारखी. आमचं घर उंचावर होतं, नाल्याच्या बाजूला, ते शेवटी जाणार होतं. ह्यांनी ठरवलं होतं की नाल्यात गुडघाभर झालं की आबांना भडगावला मुलांकडे पोचवायचं, मग काय व्हायचं ते होवो. आदल्या दिवशी नाल्यात पाऊल बुडेल एवढंच पाणी होतं.

त्या दिवशी सकाळीही तेवढंच होतं. मी पाहिलं होतं, आबा आणि भुऱ्या त्यातून पलीकडे गेले, धोतराचा काठ तेवढा भिजला. वर सातपुड्यात रात्री मोठा पाऊस झाला असणार. आमच्याकडे आभाळ भरून होतं, पण थेंब नव्हता. हे बायांना घेऊन कपाशीत निंदणीला गेले होते. दुपार कलली. मी दोन भाकरी थापल्या, तिसरी तव्यावर टाकली, आणि परात घेऊन अंगणात आले. तीन ठोके. कान दिसले नाहीत. पुन्हा तीन ठोके. मग परात घेऊनच उतार उतरले, रस्ता ओलांडला.

नाला ओळखू येत नव्हता. सपाट, मातकट पाणी पसरलं होतं, आणि पलीकडच्या काठावर भुऱ्या उभा होता. त्याच्या मागं आबा. पाणी बघून कुत्रं थबकलं होतं, त्याला अक्कल होती. मला मात्र त्या क्षणी काय सुचलं, तर हातात परात होती म्हणून ती मी वाजवली. सवयीनं. तीन ठोके.

भुऱ्यानं उडी मारली. आबा मागोमाग उतरले.

गुडघा बुडाला, मांडी बुडाली. ते पाण्याकडे बघत नव्हते, पुढं पोहणाऱ्या कानांकडे बघत होते. आमच्यात अंतर म्हटलं तर अंगणापासून गोदाक्काच्या दारापर्यंत. साधी हाक पुरली असती. “आबा, थांबा.” दोन शब्द. आबा हा शब्द माझ्या तोंडी दिवसातून वीसदा यायचा, आबांचं ताट, आबांचं धोतर, आबांची काठी. त्यांना उद्देशून मात्र एकदाही म्हटला नव्हता. मी तोंड उघडलं. पदर पुढं ओढलेला होता, तो कधी ओढला तेही मला आठवत नाही. आणि तोंडून जे निघालं ते हे, “भुऱ्या, बठ.”

तो मधोमध होता. जिथं बसायला जमीन नाही तिथं त्यानं बसायचा प्रयत्न केला. पाय मारायचे थांबवले, मागचं अंग खाली गेलं, नाकात पाणी गेलं, पुन्हा वर आला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तेच. तो मी सांगितलं तसं करत होता. आबांना वाटलं पिल्लू बुडतंय. त्यांनी काठी टाकून दिली आणि भराभर पुढं आले, छातीभर पाण्यात, आणि दोन्ही हातांनी त्याला धरून वर उचललं.

त्या जागी नाल्यात खोल खड्डा होता. नव्या घरांच्या भिंतींसाठी सगळ्या गावानं तिथूनच वाळू काढली होती. आमच्या घरासाठीही. त्यांचा पाय खड्ड्यात गेला. जाताना त्यांनी कुत्र्याला माझ्या बाजूला ढकललं, एखादं मूल कोणाच्या हातात द्यावं तसं. मग पाणी लगेच सपाट झालं.

तेव्हा माझा आवाज फुटला. एवढ्या मोठ्यानं मी ओरडले की रस्त्यावरची माणसं धावत आली. आता कोणाला हाक मारायची नव्हती, म्हणून आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाभळीच्या मुळ्यांत अडकलेले सापडले.

लोकांनी जे पाहिलं नव्हतं ते जुळवलं. म्हातारा कुत्र्याच्या नादी लागला होता, कुत्र्यामागं पाण्यात गेला, कुत्रं निघालं आणि माणूस राहिला. गोदाक्का रडत म्हणाली, “त्या कुत्रानी खादं वं त्यास्ले.” ह्यांनी काठी घेतली आणि भुऱ्याच्या पाठीत दोन घातल्या. तिसरी मी आडवी झाले म्हणून चुकली. एवढंच मी त्याच्यासाठी केलं. “बठ” म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. विचारणारं कोणी नव्हतं, मी सांगितलं नाही. आमचे हे पेपरापलीकडे काही वाचत नाहीत, पण हे वाचलं तर वाचोत. आता दोघांचीही वयं झाली.

पाणी महिनाभरात आमच्या जुन्या घरावर चढलं. जे ठरवलं होतं तसंच झालं, जायला जागा उरली नाही.

त्यानंतर भुऱ्या अंगणाबाहेर जात नसे. वाढत होता, हाडं रुंद होत होती, पण मी समोर आले की बसायचा. मी काही न म्हणता बसायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, ते दोन डोळे माझ्या तोंडावर. मला ते सोसलं नाही. मार्गशीर्षात साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन उतरले आणि आमच्या मोकळ्या शेतात बसले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला म्हटलं, “नाना, हाऊ कुत्रा लई जा.”

त्यानं भुऱ्याचं तोंड उघडून दात बघितले, कान ओढला. “चांगला शे. नाव काय?”

“नाव नही.”

“काही शिकाडेल शे का?”

“काहीच नही. तुमीच शिकाडा.”

त्यानं गळ्यात दोरी घातली आणि नेला. भुऱ्या चार पावलं गेला आणि वळून बसला. दोरी ताणली गेली. मी घरात आले आणि कडी लावली. बाहेर मेंढ्या बराच वेळ जात होत्या.

पुढच्या वर्षी ते दुसऱ्या वाटेनं गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आले. मी काही विचारणार नव्हते, म्हातारा आपणच दाराशी येऊन पाणी मागून बसला. कुत्रा लांब, मेंढ्यांत होता, मोठा झालेला, ओळखू न येण्यासारखा. माझ्याकडे आला नाही. मीही गेले नाही.

“बाई, तुना कुत्रा बठ्ठास्मा हुशार निंघना,” म्हातारा म्हणाला. “लांडगाले भ्यास नही. पन एक खोड शे त्याले. पानीमा कोनी पाय टाका की वरडस. मेंढी ऱ्हावो, मानूस ऱ्हावो. काठवर उभा ऱ्हाईसन असा वरडस की गळा बठी जास त्याना. मांगे फिरनं नही तवलग चूप व्हस नही. तापी उतराले आमले तीन तीन दिवस लागतस त्याना पायी.” पाणी पिऊन त्यानं तांब्या पालथा करून ठेवला, मिशा पुसल्या. “आमी तं शिकाडं नही. हाई त्याले कोनी शिकाडं?”

“मी नही,” मी म्हटलं.